बुटांचे पट्टे

२४ डिसेंबर, संध्याकाळ. शारजा.

तारीख घातलीस ना, रिया? काल विसरलीस आणि खापर माझ्या म्हातारपणावर फोडलंस. लिही आता.

आज तुझ्या बाबाचा आल्प्समधून व्हिडिओ कॉल आला. हॉटेलातल्या ड्युटीपायी बावीस वर्षं तो नाताळाला बायकोजवळ नव्हता. आज मात्र बर्फात गुडघे टेकून शीलाच्या स्कीच्या बुटांचे पट्टे आवळत होता. ती खिदळत होती, "अँथनी, पाय माझाच आहे, हळू!" मग एकदम मला म्हणतो, "आई, नाताळाला तू नि रिया दोघीच घरी. तिकीट बदलतो, उद्याच येतो."

मी म्हटलं, "खुळ्या, उद्या घरभर पाहुणे आहेत. तू आलास तर बसशील कुठे?"

फोन ठेवल्यावर तू ओरडलीस, "आजी, दॅट्स अ लाय!" हेही लिही.

बोलले खोटं. पण ते पट्टे... तुझ्या आजोबांनी कधी माझी चप्पलसुद्धा सरळ केली नाही. शीलाला अजून चार दिवस मिळू देत.

आता पाहुणे जमवायला हवेत. समोरच्या मल्याळी कुटुंबाकडे आणि खालच्या वॉचमनकडे नेवऱ्या पाठव, पण चार-चारच. उरलेल्या खायला उद्या इथे या, म्हणावं.