सेसिलकाकांची दुसरी पसंती

बॅलिगार्वी, ३ मे

ती. आयरिसआत्यास,
सा. न.

आधी एक दुरुस्ती. पक्षाने बाबांना काढलं असं मी मागे लिहिलं, ते खरं नाही. बाबा आपणहून गेले. उमेदवारी ठरायच्या आधीच त्यांचं दुसऱ्या पक्षाशी बोलणं झालं होतं. मी विचारून लिहायला हवं होतं.

कौन्सिलच्या प्रचाराला मी नेहमीसारखी त्यांच्याबरोबर दारोदार जाते. काल मिल स्ट्रीटवर प्रत्येक दारात मी सवयीने सांगत गेले की मतपत्रिकेवर पहिली पसंती बाबांना, दुसरी सेसिलकाकांना. काका तर जुन्याच पक्षाचे उमेदवार आहेत. शेवटच्या घरातल्या मिसेस मॉहिनींनी विचारलं, की पोरी, बापाने पक्ष बदलल्याचं तुला घरात कुणी सांगितलं नाही वाटतं? बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी उरलेली पत्रकं गाडीत टाकली आणि आम्ही घरी आलो. आईने चहा ओतला, मी प्यायले. मला काहीच वाटलं नाही.

माझ्यावर राग धरू नकोस.
तुझी ॲव्हरिल

स्ट्रॅनरार, ६ मे

चि. ॲव्हरिल हिस अनेक आशीर्वाद.

दोन्ही पक्ष राजनिष्ठच, राजा तोच, झेंडा तोच. मग तुझ्या बापाने, वेस्लीने, बदललं तरी काय? आमचे वडील चर्चमधलं बाकसुद्धा बदलत नसत. तुला आईने घरीच शिकवलं, शाळेत गेली असतीस तर थोडं खोटं बोलायला तरी शिकली असतीस! पण तुझी आई आजारी असताना तिला रोज दवाखान्यात सेसिलच नेत होता. वेस्ली ते विसरला का? स्पष्ट लिही. आणि जेवत जा.

आत्याची माया आहेच.
आयरिस

बॅलिगार्वी, ११ मे

ती. आत्यास सा. न.

बाबा विसरलेले नाहीत. बूट पुसता पुसता म्हणाले, की सेसिल माणूस सोन्यासारखा आहे, पण शेवटची जागा एकच आहे, ती त्याला नाहीतर मला; दुसरी पसंती देता देता लोक पहिलीही त्यालाच देतील. आता त्यांचं म्हणणं, मी त्याच घरांत परत जाऊन सांगायचं की माझी चूक झाली, सेसिलला कुठलीच पसंती देऊ नका. वेस्लीची मुलगी खोटं बोलत नाही असं लोक मानतात, म्हणून मीच जायचं.

सवयीने बोलले, हे खरं. पण चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही. अठराला मतदान आहे. बाबा थोडक्यात पडले तर ते माझ्यामुळे, हेही मला कळतं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बटाटे सोलले.

तुझा लोभ यापुढेही राहू दे. मी जाणार नाही, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. परवा सकाळी, ते पत्रकं गाडीत ठेवायच्या आधी सांगेन. शनिवारी, १३ मेला.

तुझी ॲव्हरिल