चहाशिवाय आठ किलोमीटर

सोमवार, १ जुलै

आठ किलोमीटर दोनशे मीटर. सर्वांत उंच जागा एकशे त्रेचाळीस मीटर. तीन कुंपणं, दोन ओढे, एक दलदल. दलदलीची खोली काठीने मोजली — एकेचाळीस सेंटिमीटर. सॉरखाच्या बुटाची उंची अडतीस. बूट अजून तिथेच आहे.

सॉरखा माझी भाची, वय सहा. लहान मूल किती वेगाने चालतं ते मोजायला तिला घेतलं होतं. हिशेबाने अख्ख्या बेटाची फेरी व्हायला हवी तीन तास पन्नास मिनिटांत. झाली सहा तास दहा मिनिटांत.

फरक चालण्यातला नाही. चहाचा आहे. वाटेत तीन घरं लागतात. लाखलन काका, पेगी मावशी, ऑयरिक आत्या. तिघांच्याही खिडक्या वाटेवर.

"काय गं उना, आमच्या दारावरून अशीच निघालीस?"

"काका, मी वेळ मोजतेय."

"मोज की. आत बसून मोज."

आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्हटलं तर भांडण. मी दोनदा म्हणाले. सॉरखा एकदाही नाही.

ही नोंद नीट करून ठेवते, कारण पुढे हीच लागणार. धक्क्याला भरतीच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास पाणी असतं. बाबांची बोट पाहुण्यांना त्या पाण्यावर आणते, त्याच पाण्यावर परत नेते. म्हणजे हातात साडेचार तास, फार तर. तेवढ्यात मुलंबाळं फिरून आली, तर मुख्य भूमीवरचं पायवाट मंडळ आमची वाट त्यांच्या 'मुलांसह चालायच्या वाटां'च्या यादीत घालणार. घातली तर बोटीला माणसं मिळतील. नाहीतर बाबा सप्टेंबरात बोट विकणार. पलीकडच्या मॅलेग बंदरातला एकजण बघूनही गेलाय.

"विकायची तर विकायची. लाकूडच ते," बाबा म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी त्या लाकडाला यंदाचा तिसरा रंग दिला.

मी दोन सप्टेंबरला ॲबर्डीनला नोकरीवर रुजू होतेय. समुद्रातल्या पवनचक्क्या. त्याआधी एवढं करून जायचं. बास.


बुधवार, ३ जुलै

दुसरा प्रयत्न. सॉरखाला बजावलं — थांबायचं नाही, हात हलवायचा आणि पुढे. पेगी मावशीच्या दारावरून हात हलवत गेलो. आम्ही ऑयरिक आत्याकडे पोचायच्या आत फोन पोचला होता.

"पेगी रडतेय," आत्या म्हणाली. "काय झालंय तुमचं तिच्याशी?"

परत गेलो. समजूत काढली. दोन कप चहा, ओटची भाकरी, वरून घरचं चीज. एकूण सहा तास पंचावन्न मिनिटं! न थांबण्याने पंचेचाळीस मिनिटं वाढली.


रविवार, ७ जुलै

रविवार. इथे तो देवाचा वार. कोणी चालत नाही, कोणी कपडे वाळत घालत नाही, कोणी काही मोजत नाही. मी मनात मोजलं.


सोमवार, ८ जुलै

मंडळाच्या बाई शुक्रवारी येणार. ॲलिसन डनलॉप, नवरा, दोन मुलं. स्वतः मुलं घेऊन चालतात आणि मग शेरा लिहितात.

शाळेच्या खोलीत सगळ्यांना जमवलं. फळ्यावर तक्ता काढला. म्हटलं, एका कपाला सरासरी सेहेचाळीस मिनिटं जातात. तीन घरं, एकशे अडतीस मिनिटं. शुक्रवारी कृपा करून कोणी कोणाला आत बोलवू नका.

पहिले लाखलन काका —

"लहान मुलं असणार ना सोबत?"

"दोन."

"आणि आम्ही आत बसून नुसतं बघायचं?"

"हो."

"तुझी आई असती तर तिने तुला फळ्यासकट बाहेर काढलं असतं."

खरं आहे. काढलं असतं.

पेगी मावशी म्हणाली, खिडकीतून माणूस दिसलं की आपले पाय आपोआप उठतात, तिथे इलाज नाही. यावर खूप चर्चा. शेवटी आत्यानेच तोड काढली — दिसलंच नाही तर? पडदे ओढून घेऊ!

सगळ्यांना पटलं. मलाही. वहीत लिहिलं — तिन्ही घरं, पडदे बंद, सकाळी साडेआठ ते दुपारी एक.

बाबा मागे उभे होते. बोटीचा विषय निघाला की हल्ली ते टोपी नीट करत बसतात.


गुरुवार, ११ जुलै

दलदलीत फळ्या टाकल्या. बूट सापडला.


शुक्रवार, १२ जुलै

क्रमाने लिहिते.

८:३० — बोट लागली. ॲलिसन, तिचा नवरा ग्रेगर, मुलगा आंगस नऊ वर्षांचा, मुलगी बेथ पाच. एक वाजता परत निघायचं असं बाबांनी दोनदा सांगितलं. मी घड्याळ घेऊन तीनशे मीटर मागे.

९:०१ — लाखलन काकांचं घर. पडदे बंद. ग्रेगरने टोपी काढली. मला वाटलं, उकडत असेल. तापमान चौदा होतं.

मुलं मघापासून गाणं म्हणत होती, ते बंद झालं. छान, म्हटलं, दम वाचवतायत.

१०:२२ — पेगी मावशीचं घर. पडदे बंद. चौघंही एका रांगेत, माना खाली. बेथने फाटकाशी वाकून काहीतरी ठेवलं. मी मागून आले तेव्हा बघितलं — रानफुलं.

तरीही मला कळलं नाही! दिवसाढवळ्या पडदे ओढलेलं घर म्हणजे त्या घरातलं कोणीतरी वारलंय, हे आमच्याकडे सॉरखाएवढ्या पोरीलाही माहीत असतं. सव्वीस वर्षांच्या इंजिनिअरला आठवलं नाही. सभेला आलेल्या बाकी सत्तावीस जणांनाही नाही. सगळे चहा कसा द्यायचा नाही, यातच गुंतलेले.

११:५५ — ऑयरिक आत्याच्या फाटकाशी ॲलिसन थांबली होती. डोळे ओले.

"उना, आम्ही आज यायला नको होतं. तू कळवायचंस. एवढ्याशा बेटावर तीन घरांत... कोण गेलं गं?"

बेथने माझी बाही ओढली. "सगळेच मेले का?"

राहिलेलं अंतर नऊशे मीटर. पंचवीस मिनिटं. बोट सुटायला पासष्ट. मी मान खाली घालून उभी राहिले असते तरी पुरे होतं. तोंडाने खोटं बोलावंही लागलं नसतं. वाट यादीत, बोट बाबांकडे.

म्हटलं, "कोणी मेलेलं नाही. तुम्हाला चहा द्यावा लागू नये म्हणून लपलेत."

ग्रेगरने टोपी घातली. मग पुन्हा काढली. आंगस एवढा हसला की कुंपणावरून पडला.

पडद्याआडून आवाज आला — "सांगितलंस ना एकदाचं? मग आण आत! सकाळपासून तीनदा गरम केलेत हे स्कोन-पाव!"

पुढचं माझ्या हातात नव्हतं. आत्याने फोन फिरवले. वीस मिनिटांत लाखलन काका ट्रॅक्टरवरून आले, मांडीवर फडक्यात बांधून उकडलेलं गोड डम्पलिंग. मागे ट्रॉलीत खुर्ची टाकून पेगी मावशी. तिला फुलांचं कळलं. बेथला मांडीवर घेऊन म्हणाली, "माझ्यासाठी आणलीस? बरं झालं बाई, जिवंतपणीच मिळाली."

१२:४० — बाबा बोलवायला आले. "पाणी उतरतंय. चला, चला."

"बस रे तू. उभ्याने काय बोलतोस," आत्या म्हणाली. तिने बाबांपुढे कप धरला.

पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले. खिडकीतून धक्का दिसत होता. तिकडे एकदा बघितलं आणि बसले.

१:१० — मी घड्याळ बंद केलं. बोट चिखलात टेकली.

संध्याकाळच्या भरतीवर, साडेसातला, बाबांनी त्यांना नेलं. बेथ दोरखंडाच्या गुंडाळीत झोपली होती. एकूण वेळ अकरा तास. ॲलिसनच्या वहीत ती काय लिहीत होती, विचारलं नाही.


शनिवार, १३ जुलै

बाबा म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस." मग बराच वेळ इंजिन पुसत होते. बिघडलेलं नव्हतं.


मंगळवार, ३० जुलै

मंडळाचं पत्र. अर्ध्या दिवसाची वाट म्हणून नामंजूर. कारण — वेळेचा भरवसा नाही.

खाली दुसरा परिच्छेद. पूर्ण दिवसाची वाट म्हणून मंजूर! 'सकाळच्या पाण्यावर या, संध्याकाळच्या पाण्यावर जा. घाई करू नका. करू दिली जाणार नाही.'

लाखलन काकांनी पत्र तीन वेळा वाचायला लावलं. आत्याने ओवाळून टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, घडी घातली.

"आठवड्यात चार दिवस, रोज दोन भरत्या. मी त्रेसष्टचा आहे. मग खेकड्यांचे सापळे कोण ओढणार?"

"माणूस ठेव एक," आत्या.

"कुठला? माणसं घेऊन बोट चालवायचा परवाना या बेटावर दोघांकडे आहे. एक मी."

दुसरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. चमच्याने चहा ढवळत राहिले. साखर घालत नाहीत ते.

"मॅलेगवाल्याला उद्या फोन करतो," म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघत होती. मी तक्ता काढून भरतीच्या वेळा उतरवत बसले. नुसत्याच.


शुक्रवार, २ ऑगस्ट

बाबांनी मॅलेगला अजून फोन केलेला नाही. नंबर सापडत नाही म्हणे. नंबर भिंतीवर आहे, मोठ्या अक्षरात.

मी ॲबर्डीनला केला, येत नाही म्हणून. ९:०५ ते ९:०९. संध्याकाळची फेरी माझी.