गुळगुळीत पाठीची कवडी

३ मार्च
अंदमानहून परत. बाकीच्यांनी कीचेन आणल्या, मी विज्ञान आणलं. किनाऱ्यावर वेचलेले शेंगदाण्याएवढे शंख. कवड्याच. सौ. राखी म्हणते, कवडी गुळगुळीत असते, यांच्या पाठीवर तर रेघा आहेत. तिला प्रत्येक गोष्टीत काही ना काही दिसतंच.

४ मार्च, सकाळी
नेटवर पाहिलं. हे कवडीचे लांबचे नातेवाईक. जात पाठीवरच्या रेघांवरून ओळखतात. आपल्याला सोपं आहे. नोटांच्या प्रेसमध्ये जन्मभर रेघाच तपासल्या. संकल्प: रोज एक तास ओळख पटवणे.

५ मार्च
शंख मळकट. राखी देवाची भांडी चिंचेने लख्ख करते. शंखही चिंचेच्या कोळात टाकले, वर व्हिनेगर. भरपूर फेस. मळ निघतोय.
संकल्पाचा तास उद्यापासून.

७ मार्च
रेघा गायब! म्हणजे ती घाणच होती. नेटवरच्या यादीत अशी गुळगुळीत जात नाही. नवी प्रजाती!! नावात 'जयराम' येणार. राखीला सांगितलं. म्हणाली, आधी मेथी आणा. शास्त्रज्ञांच्या नशिबी हेच.

९ मार्च
सोसायटीचे सेक्रेटरी चिमाजी भेटले, सहज बोलून गेलो. पुढच्या रविवारी सत्कार ठरला. शाल, नारळ, फ्लेक्स. मी नको नको म्हटलं आणि स्टुडिओतला फोटो दिला. साडू ज्ञानेशला मुद्दाम बोलावलंय. त्याला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाल्यापासून घरात मला कुणी विचारत नाही. फार लागतं ते मनाला. रविवारनंतर विचारतील.

१२ मार्च
पुण्याच्या तज्ज्ञ निकिता मॅडमना फोटो पाठवले. केवळ औपचारिकता.

१५ मार्च
मॅडमचं उत्तर. शंख म्हणजे चुना, आंबटात विरघळतो. रेघा निघाल्या नाहीत, विरघळल्या. आता जात सांगता येणार नाही. एखादा न धुतलेला असेल तर पाठवा.
नाही. मी कामात कधीच कुचराई केलेली नाही.
मॅडम वयाने लहान वाटतात. अनुभव कमी पडत असणार. राखीला मेल वाचून दाखवली, तिचंही मत मॅडमसारखंच. सत्कार रद्द करणं मात्र बरं दिसणार नाही.

१६ मार्च
सत्कार झाला. ज्ञानेश पहिल्या रांगेत. शाल घालून चिमाजींनी माइकवर विचारलं, नव्या जातीत आणि जुन्या जातीत फरक काय? मी नारळाची शेंडी नीट करू लागलो. राखीने बसल्या जागेवरून सांगितलं, फरक चिंचेचा. मग सगळंच सांगितलं. सगळे हसले. ज्ञानेश तर डोळे पुसत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी आल्यावर राखीने माझ्या खांद्यावरची शाल काढून नीट घडी घातली. म्हणाली, एप्रिलमध्ये ज्ञानेशभाऊजींचा आणखी एक सत्कार आहे, आपल्याकडून हीच देऊ.