ढेकरवालीचे पैसे

आये, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली, आणि काल त्या पाचक गोळ्यांच्या कंपनीचा फोन आला. तीच जाहिरात पुन्हा करायची म्हणतात. तोच मांडव, तीच गाणारी म्हातारी, तोच ढेकर. फोनवरची मुलगी लाघवी होती. म्हणाली, “मॅडम, या वेळी पांढरा विग लागणार नाही.” मी हसले. विनोदी नटीला कुणी विनोद ऐकवला की हसावंच लागतं, धंद्याची रीतच आहे ती. फोन ठेवून आरशात पाहिलं तर खरंच तू उभी होतीस, फक्त कपाळावरचं गोंदण नव्हतं. त्यांना उद्यापर्यंत उत्तर कळवते म्हणून सांगितलंय. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं.

तुझं लग्नांत धवले गाणं मला अजून दिसतं, ऐकू येण्याच्या आधी दिसतं. आपल्याकडे भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीवाचून लग्न लागत नाही. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं हवंच. पदर कानामागे खोचायचा, उजवा हात कानावर, डावा डोळा मिटून घ्यायचा आणि एक लांब श्वास. तो श्वास चालू असताना अख्खा मांडव गप्प. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तुझ्या मागे तांदळाचं सूप धरून बसले होते. तुझा तो मिटलेला डोळा बघून मला हसू फुटलं. तू गाणं न थांबवता हात मागे नेऊन माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की चार दिवस निळं होतं. घरी परतताना मिठागराच्या बांधावर मात्र आवाज मऊ केलास. “धवला चालू असताना हसायचा न्हाय, पोरी. तवर नवरानवरी कच्ची असतान.” मला काही कळलं नाही. पण चिमटा लक्षात राहिला, आणि तुझा डोळाही.

पुढे मी नाटकांतून लहानसहान कामं करायला लागले. पहाटे रेवसवरून पहिली लाँच धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, दिवसभर कुणाच्या तरी ऑफिसबाहेर बसायचं आणि संध्याकाळी परत. असंच एकदा एका ऑडिशनला सांगितलं, लग्नात गाणं सुरू करणारी म्हातारी करून दाखवा. मला विचार करावा लागला नाही, हात आपोआप कानावर गेला. पदर, डोळा, श्वास, सगळं तुझं, आणि जिथे तुझा सूर लागायचा तिथे मी ढेकर दिला. ढेकर माझा. खोलीतली माणसं खुर्चीवरून पडायची बाकी होती. डायरेक्टरने विचारलं, हे कुठून आणलंत? मी म्हटलं, सुचलं.

एका दिवसाचं शूटिंग, एक चेक. कागदावर लिहिलं होतं की जाहिरात ते हवी तितकी वर्षं, हवी तितक्या वेळा दाखवतील, आणि मी दुसऱ्या कुठल्या पोटाच्या औषधाला चेहरा द्यायचा नाही. मी सही केली. तुझ्या अख्ख्या लग्नसराईच्या कमाईपेक्षा तो चेक मोठा होता, मग कागद कोण वाचतो? त्या पैशातून तुला टीव्ही घेतला. लाँचमध्ये खोका मांडीवर धरून आणला, लाटेचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर माझी ओढणी.

आणि मग तू तुझा हिशेब लावलास. धवलारणीला लग्नागणिक मिळतं. गाणं तेच असलं तरी दर लग्नाला नवी साडी, नारळ, सुपातले तांदूळ, वर दक्षिणा. तेव्हा टीव्हीवर मी जितक्या वेळा येणार तितक्या वेळा मला पैसे मिळणार, यात तुला शंकाच नव्हती. मालिका चालू असताना तू स्वयंपाकघरात, जाहिराती लागल्या की बाहेर. वहिनीने चॅनल बदललं की ओरडायचीस, “बदलू नको, तिचा पगार बुडल!” शेजारणींनाही ताकीद होती. तोवर मी मुंबईत राहायला गेले होते; शनिवारी घरी आले की मोजून सांगायचीस, “आज पाच येला आयलीस.” मला हसू यायचं. पुढच्या वेळी नीट समजावून सांगू, असं म्हणत राहिले.

मग ती गणपतीच्या आधीची खरेदी. तू आणि मी लाँचने मुंबईला निघालो होतो. इंजिनाच्या आवाजात तुला नीट ऐकू येईना म्हणून तू कानावर हात धरलास, आणि समोरच्या फळीवरच्या बायांमधून एक मोठा ढेकर आला. मग दुसरा. अख्खी लाँच खदखदून हसली. कुणी माझ्याकडे बघून टाळी वाजवली, “ढेकरवाली हाय ना ही?” मी अभिनेत्रीसारखी मान लववली. तू हात खाली घेतलास. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, “हर येला पैसं गावतान ना तुला?”

तेव्हा खरं सांगायचं होतं. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे इतक्या लोकांत आईला कसं सांगायचं? मी म्हटलं, “व्हय.”

“मंग हसू दे,” तू म्हणालीस, आणि पिशवीतून चणे काढून मला दिलेस.

त्यानंतर मला कामं मिळाली, पण सगळी ढेकराचीच. साबण, मसाले, मोबाइलचं रिचार्ज, कुठेही गेले तरी शेवटी कुणीतरी म्हणायचं, तेवढा एक द्या ना. वर्षातले मोजके दिवस काम, बाकी दिवस फोनची वाट. नागावच्या होमस्टेवाल्यांना वाटतं मी करोडपती आहे; फोटो काढून घेतात आणि जेवणाचं बिलही घेतात.

तुझ्या बाराव्याला वहिनीने सांगितलं. त्या लाँचच्या वर्षीच, गणपतीनंतरच्या एका हळदीत तू कानावर हात नेलास आणि मागून पोराटोरांचे ढेकर सुरू झाले. तू दोनदा श्वास घेतलास. मग नवरीच्या आईला म्हणालीस, घसा बसलाय, दुसरी बोलव. त्यानंतर एकही सुपारी घेतली नाहीस. वहिनीने तुला म्हटलं होतं, तिला सांगा, बंद करायला लावा. तू म्हणालीस, “येडी का तू? तिचा पोट हाय त्याच्यावर.” आणि टीव्हीचा आवाज वाढवलास. मला रडू आलं नाही तेव्हा. पानावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी वाढपात हात घातला.

कालच्या फोनवरच त्या मुलीला मी म्हटलं, करीन, पण जितक्या वेळा दाखवाल तितक्या वेळा पैसे. ती हसली. “मॅडम, असं नसतं.” मी म्हटलं, आमच्याकडे असतं. तिने साहेबांना विचारलं. दर वेळेचे नाही, पण वर्षागणिक देतो म्हणाले. म्हणजे उद्या मी हो म्हणणार आहे, आये. हे काम नाकारण्याइतकी मोठी मी अजून झालेले नाही. म्हातारीचा हात मात्र कानावर जाणार नाही, एवढं आधी सांगणार आहे. ऐकतील न ऐकतील.

तू असतीस तरी हे पत्र धाडलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तिच्या तोंडून हे तुझ्या कानावर जायला नको होतं. त्या जाहिरातीचे पैसे मला एकदाच मिळाले होते. लाँचमध्ये तू विचारलंस तेव्हा ते संपलेही होते. तू उगाच गाणं सोडलंस, आये.