शिगेची पायली

चंद्रपूर,
९ जानेवारी १९८७

प्रिय गुणवंत,

बावीस वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही, याबद्दल आधी माफी मागते. माफी फक्त न लिहिण्याची आहे. त्यामागच्या रागाची नाही; तो मी नीट सांभाळून ठेवला आहे. डिसेंबरमध्ये अभ्यासमंडळाच्या बैठकीत आपण एकाच टेबलाशी चार तास बसलो. तू मला ‘मॅडम’ म्हणालास, मी तुला ‘सर’ म्हणाले, आणि बी.कॉम.च्या नव्या अभ्यासक्रमाखेरीज दोघांनीही एक अक्षर काढलं नाही. घरी येऊन डायरीत लिहिलं: केस पिकले, पण बशीतलं शेवटचं बिस्किट अजून न विचारता उचलतो.

तुझा मसुदा मी तीनदा वाचला. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा तो राग खरा आहे का हे पाहायला, आणि तिसऱ्यांदा त्यात काही चांगलं आहे का ते शोधायला. आहे, ते नाकारणार नाही. सहकार आणला, बाजारपेठेचा अभ्यास आणला, संगणकाची तोंडओळख आणली. शेवटच्या वर्षी पंचेचाळीस दिवस एखाद्या व्यवसायात प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पदवी नाही, हेही मला मान्य. पण पुढच्याच कलमात तू म्हणतोस, व्यवसाय म्हणजे फक्त नोंदणीकृत लिमिटेड कंपनी. मी हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलचेऱ्याकडची सोमारी मागच्या बाकावरून म्हणाली, “मॅडम, आमच्या इकडं कंपनी कुठी आहे? साग आहे, धान आहे, कंपनी तं नाई.” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. गडचांदूरच्या सिमेंटच्या कारखान्याशेजारी एकट्या पोरीला पंचेचाळीस दिवस खोली कोण देईल, आणि घरचे तरी कसे पाठवतील? तिची पदवी तुझ्या त्या एका ओळीत अडकली आहे. आणि त्याच मसुद्याच्या शेवटी, विद्यार्थ्यांनी अहवाल कसा लिहावा याचा नमुना म्हणून तू काय जोडलंस? ‘वडसा येथील राइस मिलचा उतारा: एक अभ्यास’, १९६४, लेखक तू. ज्या गिरणीच्या जोरावर तू प्राध्यापक झालास, तसली गिरणी सोमारीला मात्र चालणार नाही.

तो हिवाळा तुला आठवतो का, हे मी विचारत नाही, कारण तुला आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. वडशाला मावशीकडे राहून आपल्या दोघांच्या अहवालासाठी सात आठवडे मी त्या गिरणीच्या फाटकाबाहेर बसले. मालक आत येऊ देत नव्हता. छप्पन साली बाबांचं बोट धरून आम्ही बौद्ध होऊन आलो होतो, पण त्याच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. आतून भागीरथाबाई यायच्या. त्या तिथं धान पाखडायच्या. दुपारच्या सुट्टीत डबा सोडायच्या आणि किती पायल्या धान आलं, किती पायल्या तांदूळ निघाला, हे बोटांवर मोजून सांगायच्या. कायद्याने किलो आले होते, शेजारच्या गिरण्यांत काटेही आले होते; इथं मात्र पायलीच चालायची. मी वहीत लिहायचे. तू एकदाच आलास, रविवारी, गिरणी बंद असताना. मावशीच्या हातचं भरीत-भात खाल्लास, मावशीला ‘नागपुरात असं वांगं मिळत नाही’ म्हणालास, आणि टाइप करून आणतो म्हणून वही घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेलास. वहीबरोबर मी आणखीही काही दिलं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. त्याबद्दल एवढंच पुरे.

मार्चमध्ये मी मुखपृष्ठ पाहिलं. एकच नाव. आत, आभाराच्या पानावर, ‘काही स्थानिक महिलांचे सहकार्य’. मी विचारलं तेव्हा तू जिन्यावर उभा होतास, आणि तुझा आवाज अगदी प्रेमळ होता. “चंदा, तुझं नाव टाकलं असतं तर कोणी पहिलं पानसुद्धा उलटलं नसतं. मी आपल्या कामाचं भलंच केलं.” त्यातला ‘आपल्या’ हा शब्द मला इतकी वर्षं पचलेला नाही.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. त्याच आठवड्यात मी वडशाला गेले. भागीरथाबाईंना सांगायचं होतं की त्यांचं नाव कुठेच आलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. अहवालात काय लिहिलं ते वाच म्हणाल्या. मी वाचलं: या गिरणीचा उतारा, म्हणजे धानामागे निघणारा तांदूळ, शेजारच्या तिन्ही गिरण्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचं श्रेय व्यवस्थापनाच्या दक्षतेला जातं. बाई इतक्या हसल्या की हातातलं सूप खाली ठेवावं लागलं. “काऊन वं, एवढी शिकली तू, अन् शीग नाई दिसली तुले? शेतकऱ्याचं धान घेतेत तवा पायलीवर शीग लावतेत, ढीग करून. तांदूळ देतेत तवा फळी फिरवून सपाट करतेत. आमच्या मजुरीलेबी फळीच. दक्षता म्हणे.” मी फाटकाबाहेर बसलेली; माप आत भरलं जायचं. मला पायली म्हणजे पायली. शिगेचं धान मी सपाट धरलं, म्हणून कमी धानात जास्त तांदूळ निघाल्यासारखा दिसला. शेतकऱ्याकडून उकळलेलं मी मालकाच्या हुशारीत जमा केलं होतं. चूक माझी. पण एक दिवस, फक्त एक दिवस, त्या गिरणीत उभा राहिलेला माणूस ती चूक करणार नाही. तू ती बावीस वर्षं वागवलीस, त्यावर नोकरी मिळवलीस, आणि आता ती छापून प्रत्येक कॉलेजात पाठवतो आहेस.

म्हणून डिसेंबरमध्ये मी ते कलम सुचवलं: नमुना अहवालाच्या लेखकाने त्याच जागी, शिक्षकांसमोर, अभ्यास कसा केला ते करून दाखवावं. तू लगेच मान डोलावलीस. “त्यात काय, त्या गिरणीत मी महिनाभर राहिलोय.” हे वाक्य इतिवृत्तात शब्दशः आहे, मीच लिहिलं. बैठक वडशाला घेण्याची कल्पनाही माझीच. झाडीपट्टीची नाटकं पाहायला मिळतील म्हटल्यावर अकराच्या अकरा सदस्य तयार झाले. शुक्रवारी, सोळा तारखेला, सकाळी आपण सगळे गिरणीत असू. आता तिथं काटा आहे, नवा मालक आहे, आणि तो कोणालाही आत येऊ देतो. भागीरथाबाई सत्तरीच्या आहेत. त्या येणार आहेत. त्या तुला एवढंच म्हणतील की सर, धान मोजून दाखवा. तू पायली कशी भरतोस ते सगळे पाहतील. मार्चमध्ये अधिष्ठातापदासाठी तुझं नाव आहे, हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तारीख जानेवारीची घेतली.

तुला एक वाट आहे. ते कंपनीचं कलम काढ. राइस मिल, तेंदूपत्त्याचे फड, वडशाच्या नाटक मंडळ्यांची बुकिंगची कचेरी, सगळं यादीत घाल. अहवालातली चूक दुरुस्त कर आणि मुखपृष्ठावर तीन नावं लाव, भागीरथाबाईंचं पहिलं. गुरुवारपर्यंत तार आली तर बाई शुक्रवारी आम्हाला फक्त जेवू घालतील. सोमारीसाठी तू ऐकावंस असं मला वाटायला हवं. प्रामाणिकपणे सांगते, तू ऐकू नयेस असं वाटतं. हे वाक्य खोडावं असं दोनदा मनात आलं. खोडत नाही.

सोबत एक जुनं पोस्टकार्ड आहे, २ एप्रिल १९६४ चं, तुझ्या होस्टेलच्या पत्त्याचं. त्यावर शिगेची सगळी हकिगत आहे. तुझी तोंडी परीक्षा अकराला होती; ते वेळेवर पोचलं असतं. मी ते पेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. तू एक दिवस तोंडावर आपटावंस म्हणून. तुझा अहवाल मालकाने फ्रेम करून गिरणीत लावला. त्या फ्रेमखाली शीग आणि फळी आणखी नऊ वर्षं चालली. तुझ्यावर सूड घ्यायला मी गप्प राहिले, आणि त्याची भरपाई भागीरथाबाईंच्या मजुरीतून झाली. शुक्रवारी मी हेही सगळ्यांसमोर सांगणार आहे. माझी नोकरी, माझं नाव, जे जायचं ते जाऊ दे. सूड मी सोडलेला नाही, गुणवंत. फक्त या वेळी तो तुला आधी कळवून घेते आहे, म्हणून हे पत्र.

तुझीच सहलेखिका,
चंदा

(डायरीत, त्याच रात्री) उद्या: सकाळच्या गोंदिया गाडीने वडसा, भागीरथाबाईंच्या माळ्यावरची जुनी पायली उतरवून घेणे.