वाट नसलेला एकोणिसावा भाग

७ जानेवारी

आलो एकदाचे! सामान वर चढवताना कंबरडं मोडलं, पण जागा बघून सगळा शीण गेला. खाली प्रकाशकबाईंचं ऑफिस, वर आमच्या तीन खोल्या. मधल्या खोलीत दारापेक्षा मोठं टेबल. आत कसं आणलं असेल देव जाणे. याच टेबलावर आजोबांनी पुस्तकमालिकेचे अठरा भाग लिहिले. आजोबा म्हणजे माझे कुणी नव्हेत, सगळे वाचक त्यांना आजोबाच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी वारले. एकोणिसावा भाग आता मी लिहायचा. मी!

या पुस्तकांत गोष्टीचा नायक वाचकच असतो. डावीकडच्या बोळात शिरायचं तर अमुक आकड्याच्या परिच्छेदावर जा, राक्षसाशी लढायचं तर तमुक. फासे टाकायचे, मरायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. बायको लहानपणापासून याच्यावरच पोसलेली. त्या टेबलावरून तिनं असा काही हात फिरवला की मला हसू आलं. माझा हात कधी इतक्या हळुवारपणे धरला नव्हता बाईनं.

१० जानेवारी

कामाची पद्धत झकास आहे. प्रत्येक परिच्छेद वेगळ्या कार्डावर, कार्डं भिंतीवर टोचलेली, आणि एका कार्डापासून दुसऱ्यापर्यंत दोरे. मरणाकडे नेणारे दोरे लाल. शेवटपर्यंत जिवंत पोचवणारा हिरवा. प्रकाशकबाईंनी बजावलं, की बाकी काय वाट्टेल ते करा, पण एक हिरवा दोरा हवाच, आजोबांचा नियम आहे. स्वयंपाकघरातून बायकोनंही तेच वाक्य त्यांच्याबरोबर म्हटलं, शब्दाला शब्द. आमच्या लग्नाची तारीख मात्र दरवर्षी मलाच सांगावी लागते.

माझा किल्ला पाण्याखाली आहे. ओले जिने, गुडघाभर पाणी, सगळ्यात शेवटी एक लोखंडी दार. लिहायला मजा येतेय.

१९ जानेवारी

बायकोला निम्मा भाग वाचायला दिला. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, आजोबांनी इथे नक्की काहीतरी गंमत केली असती. आणि गेली ती सातवा भाग घेऊन बसली. पाठ असेल तिला तो. तरी एकटीच खुदुखुदु हसत होती. माझं वाचताना हसली का? नाव नको!

जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू? माणूस मेलाय, तरी या घरात उपरा मीच. बाईच्या नशिबी सवत असते. पुरुषाच्या मागे असली पीडा लागली तर तिला म्हणायचं तरी काय?

२ फेब्रुवारी

हिरवा दोरा कापला.

लोखंडी दाराशी येणाऱ्या सगळ्या वाटा लाल करून टाकल्या. आता कुणीही, कसंही खेळा. दार उघडत नाही, मागून पाणी चढतं, खेळ खलास. तपासनीस शुद्धलेखन बघतात, आकडे बघतात. खेळून कोण बघतंय? पुस्तक छापायला गेलंसुद्धा. घ्या म्हणावं, आता तुमचा नियम! आज दोन घास जास्तच गेले.

११ मार्च

पुस्तक सपशेल आपटलं. मालिकेतला सगळ्यात भिकार भाग, असं एकजात सगळे म्हणतायत. ‘आजोबा असते तर’ हे पालुपद आहेच. प्रकाशकबाई जिन्यात भेटल्या, मान फिरवून खाली उतरल्या.

बायको मात्र चवताळून माझ्या बाजूनं उभी राहिली. वाट असणारच, या लोकांना शोधायची अक्कल नाही, मी शोधून दाखवते म्हणाली. माझे डोळे भरून आले. सगळं कबूल करणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हणाली, आजोबांच्या मालिकेत वाट नाही असं होऊच शकत नाही.

अस्सं? मग शोध म्हटलं. बस शोधत.

१३ मार्च

सकाळपासून टेबलाशी आहे. डाव्या हाताची पाचही बोटं पाच पानांत खोचलेली, म्हणजे मेलं की लगेच मागे येता येतं. लहानपणची खोड तिची. चहावर साय धरली. हाक मारली तर नुसतं ‘हं’. फासे टाकते, पान उलटते, मरते, मागे येते.

१४ मार्च

भर दुपार, खोलीत लख्ख ऊन. तिच्या खुर्चीखाली पाणी. नळ बंद, छत कोरडं, आणि हिचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले. पुसायला वाकलो तर पाणी बर्फासारखं गार.

पुस्तक काढून घ्यायला गेलो. बोटं पानांतून निघेनात. अडकली नव्हती. आतून कुणीतरी धरली होती.

१५ मार्च

सगळं सांगितलं. पायाशी बसून सांगितलं. वाट नाही ग, मी कापली, तुझ्या त्या आजोबांवर जळून कापली. ऊठ आता.

वर न बघता हसली. आहे वाट म्हणाली. आजोबा कंदील घेऊन पुढे चाललेत.

तिथंही तोच!

आणि मी — देवाशपथ सांगतो — भ्यायच्या आधी जळलो.

१६ मार्च

खुर्ची रिकामी. बाहेरच्या दाराला आतून कडी तशीच. पुस्तक उघडं, पानं भिजलेली. टेबलावर फासे अजून गरगरतायत —

नवं कार्ड लिहिलं. दार उघडतं, असं स्वच्छ लिहिलं. शाई वाळली, वाचलं — दार उघडत नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. माझंच अक्षर.

भिंतीपलीकडे कुणीतरी पाण्यातून चालतंय. दोन माणसं —

१७ मार्च

दुसरा इलाज नाही. पहिल्या पानात बोट घातलं. फासे टाकले. कुणीतरी बोट धरलं — गार —

ओले जिने. माझेच. ही रोजनिशीची वही सोबत आहे. वळणं सगळी पाठ —

लोखंडी दार. बंद. मागून पाणी चढतंय.

पलीकडे ती! ठणठणीत आहे. हसतेय, तशीच, खुदुखुदु. म्हणजे तिला वाट — त्यानं काढून दिली —

दार बडवलं. घसा फोडून हाका मारल्या. पाणी छातीशी. वही डोक्यावर धरून —

हसू थांबलं. ती त्याला विचारतेय, बाहेर कोण आहे हो?

आणि तो. केवढा प्रेमळ आवाज मेल्याचा. म्हणतोय, कुणी नाही ग बाळ, तो आपला पाण्याचा आवाज —