चटक्याची पारख

४ मार्च
नवी पोरगी ठेवली. मनगटाला इस्त्री टेकवली तेव्हा ‘आई गं!’ म्हणाली – म्हणजे आपली. मागच्या आठवड्यात ती लांब वेणीवाली आली होती, आपली भाषा घडाघडा बोलत होती. चटका बसला आणि तोंडातून निघालं खाणीवाल्यांचं! हाकलली. रडत गेली. रडू दे.

या शहरात आम्ही मूळचे. बाकीचे खाण खणायला आणलेले. खाण बंद पडली, हे मात्र राहिले. नावं बदलली, कपडे बदलले, आता चेहऱ्यावरून कळत नाही. पण भाजलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतं. माझ्या लाँड्रीत कोणाचेही हात चालायचे नाहीत.

९ मार्च
पोरगी कामाला वाघ आहे. कॉलर अशी बसवते की बघत राहावं. मनगटावरचा फोड फुटलाय, तरी हूं की चूं नाही. आई कोपऱ्यात बटणं लावत बसते, तिला हिचं भारी कौतुक. “जप गं, हात दुखत असेल.” मला नाही कधी म्हणाली असं!

१० मार्च
आईशी आज बोलले नाही.

१५ मार्च
तापलेली इस्त्री आईच्या पायावर पडली. आई ओरडली – खाणीवाल्यांच्या भाषेत! एकदा नाही, ओरडतच राहिली. माझी आई! पोरगी पाणी घेऊन धावली, त्याच भाषेत तिला समजावू लागली. दोघी बोलतायत आणि मी मध्ये ठोंब्यासारखी उभी. एक अक्षर कळेना.

“मग तू ‘आई गं’ कशी म्हणालीस?”

“आमच्याकडे सगळ्या मुली तयारी करून येतात, ताई. मेणबत्तीवर हात धरून. वेणीवालीला दोनच दिवस मिळाले. मी महिनाभर केली.”

तिथल्या तिथे हाकलली. आधी आईच्या पायाला मलम लावलं, मगच गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

१६ मार्च
आईला विचारलं, इतकी वर्षं लपवलंस?

“सांगितलं असतं तर ठेवलं असतंस मला घरात?”

मी कपडे मोजत बसले.

१७ मार्च
दुकान लवकर बंद केलं. इस्त्री तापवली. स्वतःच्या मनगटाला टेकवली. ‘आई गं!’ म्हणाले. इतकं बरं वाटलं! मूळचीच मी.

मग आठवलं, पोरगीही अगदी हेच म्हणाली होती.

इस्त्री अजून गरम आहे. पुन्हा एकदा बघते.